लाल बादली

गवंड्याच्या मागे लागून लागून नाकी नऊ आले, तेव्हा कुठे बाथरूम मनासारखं झालं. फरशी, भिंती, बेसिन, कमोड, सगळं पांढरंशुभ्र. आणि त्यात दुधात माशी पडावी तशी सासऱ्यांची कडी तुटलेली जुनी लाल बादली. मी ती रोज उचलून बाल्कनीत ठेवायचे, ती रोज परत कमोडला खेटून हजर.

शेवटी माझं डोकंच फिरलं. "बाबा, ही शोभा अजून किती दिवस ठेवायची? भंगारात देते आता."

बाबा भिंत चाचपत दारात आले.

"दे खुशाल. पण मग कमोड कुठे आहे ते मला कसं कळायचं? पांढऱ्यात पांढरं दिसतच नाही गं. लाल तेवढं दिसतं अजून."