माशीची जात

फॉर्मवर ‘जात’ हा रकाना दोनदा होता. वरचा लाभार्थीचा, खालचा माशीचा. वरच्यासाठी बुधरीने पत्र्याच्या पेटीतून माडिया जमातीचा दाखला काढून दिला होता, त्यामुळे तो लगेच भरला गेला. खालचा मधमाशी योजनेच्या घाटेसाहेबांनी एटापल्लीहून निघतानाच मनात भरून आणला होता : इटालियन. योजना आदिवासींसाठी होती. माशी मात्र परदेशी लागत होती.

मधमाश्यांच्या वीस पेट्यांपैकी एकोणीस वाटून झाल्या होत्या आणि मार्चची एकोणतीस तारीख होती. विसावी पेटी जाहिदने जीपमधून उतरवून बुधरीच्या अंगणातल्या जांभळीखाली ठेवली. पेट्या बनवायचाही तोच आणि जीप चालवायचाही तोच. पेटीच्या दाराला जाळी होती. आतून आवाज येत होता, साहेब यायच्या आधी कचेरीत येतो तसा.

बुधरी भिंत सारवत होती. ती काही थांबली नाही.

“ही माशी शांत,” घाटेसाहेब खाटेवर बसून म्हणाले. “पळत नाही. मध चौपट. आणि चावतसुद्धा नाही.”

“मंग राखन कोन करते?”

घाटेसाहेबांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता. ते पुढच्या मुद्द्यावर गेले. “फक्त पावसाळ्यात तिला साखरेचा पाक द्यायचा.”

बुधरीने पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. “माशीले?”

“हो. त्या दिवसांत फुलं कमी असतात ना.”

“राशनची साखर लेकराईले पुरत नाई साहेब. आनि हे मध द्याच्या आंधी साखर मागते?”

“तसं नाही. उन्हाळ्यात-हिवाळ्यात पेटी ट्रकवर घालून मोहरीच्या, सूर्यफुलाच्या शेतात न्यायची. तिथे खाते ती.”

“बदलीवाली नोकरी हाय बाई तिची,” जाहिद बोनेटला टेकून म्हणाला. घाटेसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. जाहिदने लगेच वाकून टायरची हवा पाहिली. हवा ठीक होती.

“आता एकच अट,” घाटेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी पेनाने भिंतीकडे खूण केली.

बुधरीच्या भिंतीत एक जुनी घागर आडवी बसवलेली होती. घागर मातीत लिंपून गेली होती. बाहेरून दिसत होतं ते बोटभर भोक. त्या भोकातून बारक्या काळपट माश्या आत-बाहेर करत होत्या. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलेलं नव्हतं.

“ही सातेरी. गावठी. ही आणि इटालियन एका अंगणात चालत नाहीत. एकमेकींचा मध लुटतात, रोग लावतात. हे भोक बुजवून टाक. तुझा हात मातीचाच आहे, एक गोळा लावला की झालं काम. मग मी सही करतो.”

“बुजवलं तं आतल्या मरतीन.”

“चौपट मध म्हणालो मी. ऐकलंस ना? आणि या गावठीचा भरवसा काय? या पळून जातात.”

“पळत नाई. जेठात जातात, पानी पडलं का येतात. मी बी तेंदूपत्त्याले जाते, पंधरा दिस घराले कडी. मंग मी पळाली का?”

“हे बघ बाई.” घाटेसाहेबांनी आवाज खाली आणला, कारण धमकी ते नेहमी हळू आवाजात देत. “पेटी नाकारली की नाव कटतं. एकदा कटलं की पुढच्या योजनेतही नसतं. शिलाई मशीन नाही, बकऱ्या नाहीत, काही नाही. तू मशीनसाठी अर्ज केला आहेस. मला माहीत आहे.”

बुधरीचा हात थांबला. मशीनसाठी तिने दोन वर्षांत तीनदा अर्ज केला होता.

तिने टोपल्यातून मातीचा मोठा गोळा उचलला आणि भोकापाशी गेली. घाटेसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. जाहिदने दुसरीकडे पाहिलं.

बुधरीने गोळा भोकाभोवती गोल थापला, अंगठ्याने कड वळवली, वरून पाणी आत जाऊ नये म्हणून मातीचंच छोटं छप्पर केलं. माश्या तिच्या बोटांवरून चालत आत गेल्या.

“हे काय केलंस?”

“भेगा पडल्या होत्या.”

“नाव कटेल.”

“काटा.”

जाहिद पेटीपाशी गेला आणि ती उचलून जीपमध्ये ठेवू लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

घाटेसाहेब उठले, पण फॉर्म त्यांच्या हातातच होता आणि कोऱ्या रकान्याचा त्यांना मनापासून त्रास होत असे. “मग इथे काय लिहू मी?” ते ओरडले. “जात सांग!”

“माडिया.”

“तुझी नाही! तुझी वर लिहिली आहे. माशीची!”

“माशीचीच सांगून राह्यली. आमच्याच भिंतीत राह्यते, आमचंच जंगल खाते, कोनाले साखर मागत नाई. मंग कोन झाली?”

“असं का?” घाटेसाहेब हसले. आता त्यांना नियम सापडला होता. “माडिया म्हणतेस, तर दाखला लागेल. आहे तिचा दाखला?”

बुधरीने मातीचे हात लुगड्याला पुसले आणि भोकासमोरून बाजूला झाली.

“हाय ना. अंदर हाय. हात घाला, देतीन.”

घाटेसाहेबांनी पेन खिशात ठेवलं. मग हातही.