सालांचा वाडगा

हिल्का कुओप्पालाचं पत्र मार्चमध्ये आलं होतं. संशोधन केंद्रातल्या डॉ. राउहालांनी ते दोनदा वाचलं, एका जाड पुस्तकात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. पत्रात एकच प्रश्न होता. तुमच्या पत्रकात सांगितलंय तसा कोंबड्यांच्या खाद्यात सोयाऐवजी तीस टक्के बाकल्याचं कडधान्य मिसळलं, तरी माझी पिल्लं का वाढली नाहीत?

आज सप्टेंबरातला गुरुवार होता. गावच्या दुकानामागच्या खानावळीत नेहमीप्रमाणे वाटाण्याचं सूप होतं. ते वाढायला जूनपासून हिल्काच उभी असे. तिची कोंबड्यांची शेड रिकामी झाली होती. राउहाला तरीही दर गुरुवारी येत राहिले. यायचं बंद केलं तर लोकांच्या लक्षात येईल, असं त्यांना वाटे.

त्यांनी ताट पुढे केलं. हिल्काने मोठ्या पातेल्यातून नाही, बाजूच्या भांड्यातून वाढलं. वाडग्यात नुसती सालं होती. शिजताना वर तरंगलेली, तिने झाऱ्याने काढून ठेवलेली वाटाण्याची फिकट सालं.

"खा, डॉक्टर."

रांगेत मागे खाद्याच्या ट्रकचा ड्रायव्हर योर्मा उभा होता. तो हसला. "काय गं, डॉक्टरांचे दात पडले म्हणून सालं वाढलीस?"

"दात शाबूत आहेत. वाचा बसलीय."

तिने ॲप्रनच्या खिशातून दोन कागद काढले आणि वाडग्याशेजारी आपटले. दोन्हींवर संशोधन केंद्राचं नाव होतं आणि खाली राउहालांचं. जुन्यात छापलं होतं : बाकला, तीस टक्क्यांपर्यंत. नव्यात : बाकला, सोललेला, तीस टक्क्यांपर्यंत.

"हा शब्द कोणी घातला?"

"मी."

"कधी?"

"एप्रिलमध्ये."

"म्हणजे माझं पत्र आल्यावर."

राउहालांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "प्रयोगात आम्ही दाणे सोलूनच घेतले होते. सालीत तुरटपणा असतो, त्याने पिल्लांना खाल्लेलं अंगी लागत नाही. आम्हाला सगळ्यांना ते इतकं माहीत होतं की... लिहायचंच राहिलं."

"तुम्हाला माहीत होतं. आणि मला?" हिल्काचा आवाज चढला. "वीस हजार पिल्लं, डॉक्टर! दिवसभर खायची. खाऊन परत खायची. पस्तिसाव्या दिवशी दीड किलोसुद्धा भरली नाहीत. पिल्लं देणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, बाई, तू बुरशीचं काहीतरी घातलंस. मी म्हटलं, नाही, पत्रकात लिहिलंय तेच घातलं. तर त्याने पत्रक काढून दाखवलं. पत्रकात तर सोललेला लिहिलंय, म्हणाला. तुला वाचता येतं ना?"

राउहालांनी नवा कागद पाहिला. शब्द नंतर घातल्याची नोंद त्यावर कुठेच नव्हती. पाच महिने त्यांना वाटत होतं की चूक सुधारली.

"त्याच्याकडे हे होतं?"

"हेच. जूनमध्ये पिल्लं देणं बंद केलं मला."

ते रांगेतूनच मागे वळले. खानावळीतली दोनचार डोकी त्यांच्याकडे वळली. "मी आत्ता सगळ्यांसमोर सांगतो. चूक माझी..."

"थांबा!" हिल्काने झारा पातेल्याच्या काठावर हाणला. "तोंडी नको. पुढच्या शुक्रवारी कंपनीची बैठक आहे. तिथे म्हणतील, म्हातारा सूप पिताना काहीतरी बरळला. मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. मला पत्र पाहिजे."

रांग थांबली होती. कुणी कुरकुरलं नाही. योर्माने खिशातलं पेन काढून ताटावर ठेवलं.

राउहाला जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहू लागले. हिल्का ओट्यावरून वाकून वाचत होती.

"'कदाचित' खोडा."

त्यांनी खोडलं.

"'असे दिसते' कशाला? तुम्हाला दिसतं की माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग तसं लिहा."

शेवटी चार ओळी उरल्या. पहिल्या पत्रकात 'सोललेला' हा शब्द नव्हता. तो मी लिहायला विसरलो. कुओप्पालाबाईंनी पत्रकाप्रमाणेच खाद्य दिले. सालीमुळे पिल्ले वाढली नाहीत. खाली तारीख, खाली सही. पहिली सही गिचमिड झाली, म्हणून त्यांनी ती पुन्हा एकदा, स्वच्छ केली.

त्यांनी कागद तिच्यापुढे धरला.

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "माझ्या हातात नका देऊ. टपालाने पाठवा. शिक्का पडू दे त्यावर. नाहीतर म्हणतील, बाईने धमकावून लिहून घेतलं."

"घेतलंसच की," योर्मा पुटपुटला.

"तू गप. तुला सूप हवंय ना?"

राउहालांनी दुकानातून पाकीट आणि तिकीट घेतलं. पाकिटावर हिल्काचं नाव लिहिलं, तिच्या वाडीचा पत्ता लिहिला. वाडी तिथून तीन किलोमीटरवर होती. तिचं पत्र मार्चमध्ये तिथूनच निघालं होतं.

टपालाची नारिंगी पेटी दुकानाच्या दाराबाहेर होती. पाकीट फटीत अर्धं गेलं, तेव्हा त्यांना वाटलं, 'विसरलो' हा शब्द पुरेसा आहे का? बोटं पाकिटावरच राहिली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं.

काचेआड हिल्का पातेल्यावर वाकली होती. पुढची सालं वर आली होती. झारा भरून भरून ती काढत होती आणि बाहेर पाहत नव्हती.

राउहालांनी बोटं सोडली. पेटी रिकामी असावी. पाकीट तळाला आपटलेलं ऐकू आलं.