पायी जाणारी सहल

राहुरीच्या घरात जयमालाने तीन जहाज कंपन्यांची माहितीपत्रकं आईपुढे मांडली. तिन्ही जहाजं कोस्टारिकाच्या एकाच बंदराला लागायची आणि प्रवाशांना तिथलं घनदाट वर्षावन दाखवून आणायची.

"ही पहिली मोटारबोटीने नदीतून फिरवते. दुसरी झाडांच्या शेंड्यांवरून पाळण्यात बसवून नेते. तिसरी चार तास पायी चालवते, तेही चिखलातून. आपण बोटीची घेऊ, आई."

भामाबाईंनी तिन्ही चित्रं डोळ्यांजवळ धरून पाहिली. जहाजावर आचारी असलेला त्यांचा मुलगा सम्राट चार वर्षांपूर्वी, त्र्याण्णव साली, सुट्टीच्या दिवशी त्याच जंगलात शिरला तो परत आलाच नाही. त्याची बॅग आली, मृत्यूचा दाखला आला. आईला एकदा ती जागा दाखवली की तिच्या जिवाला शांतता लाभेल, असं जयमालाला वाटत होतं.

"पायी नेत्यात, तीच घे," भामाबाई म्हणाल्या.

"अगं, तुझे गुडघे? झेपेल का तुला?"

"बोटीचा लई आवाज व्हतो गं. माझी हाक त्याला ऐकू जायची न्हाई."