अर्धं स्वागतगीत

"मावशी, ते गाणं आज नको," ढोलाचं चामडं विस्तवावर शेकता शेकता सेबुहोरो म्हणाला.

न्याम्विझा पायाला घंटा बांधत होती. तिने मान वर केली नाही.

"सहलीच्या कंपनीची बाई स्वतः येतेय. तिला पसंत पडलो तर दर शनिवारी पाहुण्यांची गाडी आपल्याकडे वळेल. नाहीतर खालच्या वस्तीकडे. आणि तू मधेच उभी राहून रडका सूर लावतेस."

"तुझा ढोल ऐकून बकऱ्या पळतात, ते आधी बघ."

बायका खिदळल्या. सकाळपासून सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं होतं. कुणी कारण नसताना उड्या मारत होतं, कुणी नाचात पांघरायचं कातडं पुन्हा पुन्हा झटकून अंगावर घेत होतं. जंगलातून उठवून त्यांना या उतारावर आणलं, त्याला तीस वर्षं झाली होती; त्या धांदलीत काही जण कुठे पांगले, कळलंच नव्हतं. तिथलं जगणं नाचून दाखवायचं आणि पोट भरायचं, एवढंच हाती उरलं होतं.

"आजच्या दिवस म्हणू दे," न्याम्विझा एकदम म्हणाली. "बाईला नाही आवडलं तर पुन्हा कधी तोंड उघडणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

गाडी आली. अकरा पाहुणे उतरले, मागोमाग कंपनीची अम्पेइरे. ढोल वाजला आणि वस्तीने अशा उड्या घेतल्या की पायाखालची माती ढगासारखी उठली. पाहुणेही उठून नाचू लागले. अम्पेइरेचे बूट धुळीने लाल झाले तरी ती हसत होती.

मग न्याम्विझा पुढे आली. तिने नेहमीसारखी हाताने खूण केली. मोबाइल काढा, सगळ्यांनी.

"म्हातारीला व्हिडिओची भारी हौस," मागून कुणीतरी पुटपुटलं.

ती गायली. दोनच ओळी, उंच आणि लांबवर जाणाऱ्या. मग मान जराशी कलती करून गप्प उभी राहिली. टाळी द्यावी की नाही, पाहुण्यांना कळेना.

"स्वागताचं गाणं आहे," सेबुहोरोने घाईने सांगितलं. मावशीने त्याला लहानपणी तसंच सांगितलं होतं.

खेळ संपताच अम्पेइरेने त्याचा हात धरला. "शनिवार पक्का! नाच एक नंबर. फक्त ते गाणं काढून टाका, अर्धवट वाटतं."

वस्ती ओरडली. कुणी सेबुहोरोला खांद्यावर घेतलं, कुणी ढोल बडवला. न्याम्विझा एकटीच खाली बसली आणि पायातल्या घंटा सोडू लागली.

तेवढ्यात एक उंच, पांढऱ्या केसांचा पाहुणा गर्दीतून वाट काढत आला. हातातला मोबाइल नाचवत तो भराभर काहीतरी सांगू लागला.

"हा गेल्या आठवड्यात सरहद्दीपलीकडे होता, काँगोत," अम्पेइरेने अर्थ सांगितला. "तिथल्या एका वस्तीत यानं हे गाणं ऐकवलं. याच्या मैत्रिणीनं गेल्या वर्षी इथंच मोबाइलवर घेतलेलं. तर एक म्हातारी चुलीपुढून उठून धावत आली, म्हणे."

पडद्यावर दात पडलेली एक बाई दिसली. ती गाऊ लागली. तोच उंच सूर.

"घ्या! चाल उचलली तुमची," अम्पेइरे म्हणाली.

"आमचं गाणं आहे ते!" सेबुहोरो उसळला. "त्यांना सांगा..."

"गप्प बस." न्याम्विझा उठली होती. "चाल ऐकू नकोस, शब्द ऐक. पुन्हा लाव रे."

पाहुण्याने पुन्हा लावलं. सगळे वाकले. शब्द जंगलातले होते, जुने. धाकट्यांपैकी कुणाला कळले नाहीत.

"काय म्हणतेय, आजी?" अम्पेइरेने विचारलं.

न्याम्विझाने पडद्यावरची नजर काढली नाही.

"म्हणतेय, 'ताई, ऐकू आलं. तिथेच थांब.'"