साखरेच्या पाण्यात दिवा

तारा जोडलेल्या दोन कांड्या साखरेच्या पाण्यात बुडल्या, पद्मजाबाईंनी बटण दाबलं आणि दिवा लागला.

लागायला नको होता.

खडकीच्या वसाहतीतल्या त्या बायकांच्या मॅट्रिकच्या वर्गात सगळ्यांनी माना उंचावल्या. टेबलापाशी उभ्या असलेल्या शकूने वाकून दिव्याकडे पुन्हा पाहिलं. आत्ताच तर तिने तपासणीला आलेल्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "मिठात सोडियमनं आपला इलेक्ट्रॉन क्लोरिनला देऊन टाकलेला असतो. पाण्यात विरघळलं की ते दोघं सुटे होतात आणि वीज वाहून नेतात. साखरेचा रेणू मात्र अख्खाच्या अख्खा राहतो. म्हणून दिवा लागणार नाही."

साहेबांनी दिव्याकडे पाहिलं, मग शकूकडे. "दिव्यानं तुमचं पुस्तक वाचलेलं दिसत नाही." ते पद्मजाबाईंकडे वळले. "म्हणूनच म्हणतो, यांना गृहशास्त्र द्या. रसायनशास्त्राचा हट्ट कशाला?"

बाईंचा चेहरा उतरला. मागून प्रेमला कुजबुजली, "शके, बोल ना काहीतरी!"

शकू पेल्याकडे टक लावून बघत राहिली. पाणी तर बाईंनी मुद्दाम आणलेलं, शुद्ध. साखर तिनेच विरघळवली होती, साहेब यायच्या आधी, घाईघाईत. मिठाची वाटी शेजारीच होती. तिचे कान तापले.

"साहेब, दिव्याची चूक नाही. या पाण्यात मीठ आहे."

"कुणी घातलं?"

"मीच. आठवत नाही, पण घातलंच असणार. शिरा असो की पुरण, गोडात चिमूटभर मीठ पडल्याशिवाय माझा हात थांबत नाही."

वर्गात खसखस पिकली. साहेब हसले नाहीत. "घातलंच असणार, याला शास्त्र म्हणत नाहीत."

"मग दाखवते."

शकूने पेला आणि कांड्या विसळल्या, नवं पाणी ओतलं, साखर घातली. डावा हात तिने पाठीमागे घट्ट धरून ठेवला होता. बाईंनी बटण दाबलं. दिवा काळाच. बटण बंद करून तिने चिमूटभर मीठ टाकलं, ढवळलं. बटण दाबताच लख्ख उजेड! बायकांनी टाळ्या पिटल्या.

साहेब उठले. "गृहशास्त्राचं राहू द्या," ते बाईंना म्हणाले आणि दाराकडे जाण्याऐवजी टेबलापाशी आले. चष्मा कपाळावर सरकवून ते पेल्यात डोकावले.

"आणि मिठाऐवजी लिंबू पिळलं तर?"

प्रेमलाने भाजीच्या पिशवीतून लिंबू काढून कापून दिलं. शकूने पुन्हा नुसतं साखरेचं पाणी केलं, फोड पेल्यावर धरली, पण पिळली नाही.

"आधी तुम्ही सांगा, साहेब. दिवा लागेल की नाही? आणि का?"