चांद्याचा रवंथ

चांद्या बैलाचा रवंथ बंद पडून तिसरा दिवस होता. मळणीच्या धांदलीत त्यानं दावं तोडलं आणि धानाच्या राशीत तोंड घातलं. तेव्हापासून पोट दगडासारखं, मान खाली. गुणवंतराव पाटील गवताची मूठ धरून त्याच्या तोंडाशी बसून होते. पोराला भरवावं तसा हा बैल त्यांनी वाढवला होता. ब्रह्मपुरीच्या बाजारात दलालानं 'मालगुजाराच्या गोठ्यातला गोऱ्हा' म्हणून दिलेला, आणि बड्या जमीनदाराच्या घरचा म्हणून पाटील तेच गावभर सांगत.

म्हातारा इसरू कुंपणाबाहेर उभा राहिला. गावाबाहेरच्या वस्तीतला माणूस. त्याला गोठ्यापर्यंत कोण येऊ देतंय! पण ढोरांचं दुखणं त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यानं तिथूनच सांगितलं.

"पाटील, माही गाय रवंथ करून राह्यली. तिच्या तोंडातला घास काढून देतो. याले चारा, पोट चालू होईल."

"तुया घरचं उष्टं माया बैलाले?" गुणवंतराव उसळले.

ढोराच्या उष्ट्याला कसली आली जात, असं त्यांच्या बायकोनं, कमळाबाईंनी, हळूच म्हणून पाहिलं. पण ऐकतील ते गुणवंतराव कसले. इसरू दुसऱ्या दिवशी पुन्हा आला आणि तसाच परत गेला.

ब्रह्मपुरीहून ढोरांचा डॉक्टर सायकल हाणत आला, तोवर चांद्यानं मान टाकली होती. डॉक्टर म्हणाला, या पोटात लाखो बारीक जीव राहतात, चारा तेच पचवतात. ते मेले की ढोर भरल्या पोटी उपाशी मरतं. धडधाकट गाईचा रवंथ चारला असता, तर ते पुन्हा वस्तीला आले असते. गावात एकही गाय नव्हती का, असं त्यानं विचारलं.

मेलेलं ढोर ओढायचं वस्तीनं दोन वर्षांपूर्वीच सोडलं होतं. गुणवंतरावांनी आणि भावानंच चांद्याला बांधापर्यंत ओढत नेलं. तिथं इसरू आला, न बोलावता. चांद्याला त्यानं आज पहिल्यांदाच जवळून पाहिलं. डाव्या कानाची जुनी चीर त्यानं बोटानं चाचपली. मग पुन्हा एकदा चाचपली.

"ही चीर मीच पाडली होती, कळपात ओळखाले," तो म्हणाला. "सालभराचा असताना दलालाले विकला. माया त्याच गाईचा गोऱ्हा हाये हा."

गुणवंतरावांनी वाकून ती चीर पाहिली.

"तिनंच याले चाटून चाटून वाढवला, पाटील. याचा पहिला रवंथ बी तिच्याच उष्ट्यानं सुरू झाला होता."