एक ग्रॅम

रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेत तिच्या वाट्याला ॲस्पिरिन बनवणं आलं. तयार झालेले स्फटिक बर्फाच्या पाण्याने धुवायचे, तर तिने घाईत कोमट पाण्याने मनसोक्त धुतले. निम्मा माल विरघळून सिंकमधून पसार झाला. उरलेला तिने शुद्ध करायला पुन्हा विरघळवला, थंड करून त्याचे स्फटिक पाडले, गाळले, वाळवले. बाकीच्यांच्या पुड्या अडीच ग्रॅमच्या, हिची जेमतेम एकाची. सर जवळ येऊन कुजबुजले, "कपाटातल्या तयार ॲस्पिरिनच्या बाटलीतून चमचाभर घाल. सगळे तेच करतात. झाकली मूठ सव्वा लाखाची." तिने बाटलीकडे पाहिलं, पुडी घट्ट दुमडली आणि वहीत ठळक अक्षरांत लिहिलं: एक ग्रॅम. धुताना माझी चूक. "अगं, वजनावर मार्क आहेत. नापास होशील." "होईन. पण हे मी बनवलंय, सर." तिने पुडी परीक्षकांच्या टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाटलीतलं तपासायचं असेल, तर परीक्षेला बाटलीलाच बसवा."